गरम पाण्यात बसून शुगर उतरते का?

वजनकाटा दोन वर्षांत फारसा हललेला नसतो, पण परकराची नाडी पुरेनाशी होते. कुर्ता खांद्यात नीट बसतो, पोटावर मात्र ताणला जातो. पाळी गेल्यानंतरच्या काही वर्षांत पुष्कळ जणींना हा अनुभव येतो आणि बहुतेक जणी त्याचं खापर संध्याकाळच्या भातावर नाहीतर स्वतःच्या आळसावर फोडतात. खाणं तेच, कामं तीच, तरी उपाशीपोटीची शुगर ९२ वरून १०८ वर गेलेली. आळसाचा थोडा वाटा असेलही, पण मोठा वाटा इस्ट्रोजेन कमी होण्याचा असतो. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. म्हणजे हा बदल आपल्या बायकांच्या वाट्याला चार-पाच वर्षं आधी येतो.

इस्ट्रोजेन भरपूर असतं तोवर बाईच्या अंगावरची चरबी मुख्यतः नितंब आणि मांड्यांवर साठते. दिसायला नकोशी वाटली तरी ती निरुपद्रवी असते. इस्ट्रोजेन ओसरलं की नवी चरबी पोटात, आतड्यांच्या आजूबाजूला जमू लागते. तिथून सुटलेली स्निग्धाम्लं रक्तातून थेट यकृताकडे जातात. यकृत चरबट होतं आणि गरज नसताना रक्तात साखर सोडत राहतं. दुसरीकडे, जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचं मुख्य काम स्नायूंचं असतं. इन्सुलिनने सांगितलं की ते साखर आत घेतात. इस्ट्रोजेन गेल्यावर स्नायू इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करतं आणि काही वर्षं रिपोर्ट छान दिसतो. तो काळ फसवा असतो, कारण साखर नॉर्मल दिसत असली तरी ती नॉर्मल ठेवायला शरीराला दुप्पट राबावं लागत असतं.

भारतीय शरीराची यात आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. ते दोघेही पुरुष होते हे खरं, पण बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांच्या आत किती चरबी दडलेली असते हे त्या एका फोटोने जेवढं पटवलं तेवढं दहा तक्त्यांनी पटलं नसतं. म्हणूनच भारतीय बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की डॉक्टर सावध होतात. ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ५० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटीची शुगर १०० किंवा वर आणि हा घेर, अशा पाचांपैकी कुठल्याही तीन गोष्टी जमल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात.

यावर ठरलेला सल्ला म्हणजे चाला, आठवड्याला निदान १५० मिनिटं. सल्ला बरोबरच आहे. पण डोंबिवलीहून रोज उभ्याने प्रवास करणारी, जिने चढताना कठड्याला धरून एकेक पायरी घेणारी, दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे फाइलमध्ये ठेवलेली बाई हा सल्ला ऐकून घेते आणि घरी येऊन गुडघ्याला शेक देत बसते. मग तिने कुठेतरी ‘गरम पाण्यात अर्धा तास बसलं तरी व्यायामासारखाच फायदा’ असं वाचलं, तर तिला ते खरं वाटावंसं वाटणारच. मोबाइलवर फिरणाऱ्या अशा मजकुरात अतिशयोक्ती भरपूर असते, पण त्याच्या मुळाशी खरं संशोधन आहे.

उंदरीणींचा प्रयोग

जुलै २०२३ मध्ये बोस्टनला अमेरिकन सोसायटी फॉर न्यूट्रिशनच्या अधिवेशनात मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्ट इथल्या प्रयोगशाळेने एक काम मांडलं. वय झालेल्या उंदरीणींची बीजकोशं काढून टाकली, म्हणजे त्यांचा मेनोपॉज कृत्रिमरीत्या घडवून आणला. त्यांना चरबीने भरलेलं खाणं दिलं. त्यातल्या एका गटाला रोज अर्धा तास ४० अंश सेल्सिअसच्या कक्षात ठेवलं, असं १२ आठवडे. ऊब मिळालेल्या उंदरीणींचं वजन कमी वाढलं, इन्सुलिनला त्यांचं शरीर जास्त चांगली दाद देऊ लागलं, यकृतात चरबीही कमी साठली.

बातमी एवढ्यावर थांबली आणि फिरायला लागली. पण हा प्रयोग वाचताना दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही. शिवाय प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या खोल्या माणसाला सुखद वाटतात, उंदराला त्या गारच असतात. तो बिचारा दिवसभर अंग गरम ठेवण्यासाठी ऊर्जा जाळत असतो आणि त्यासाठी त्याच्याकडे तपकिरी चरबी भरपूर असते. पन्नाशीच्या बाईकडे ती अगदी थोडी उरलेली असते. तेव्हा उंदराला दिलेली उष्णता आणि जून महिन्यात दादर स्टेशनच्या पुलावर उभ्या असलेल्या बाईला मिळालेली उष्णता यांचा हिशेब एकच धरता येत नाही. आणखी एक, बीजकोशं एका दिवसात काढणं हे सावकाश येणाऱ्या मेनोपॉजसारखं नसतं. हा प्रयोग ऑपरेशनने बीजकोशं काढलेल्या बायकांच्या जास्त जवळचा आहे. आणि गर्भपिशवीची ऑपरेशनं आपल्याकडे किती सहज उरकली जातात ते बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या प्रकरणावरून २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. त्या ऑपरेशनात बीजकोशंही काढली होती का, हे कित्येकींना धड सांगितलेलंही नसतं. तुमचं तसं ऑपरेशन झालं असेल तर कागद काढून एकदा बघाच.

उष्णता अंगात काय करते

गळ्यापर्यंत ४० अंशाच्या पाण्यात बसलं की अंगातली उष्णता बाहेर टाकायला जागाच उरत नाही. घाम येतो, पण पाण्याखालचा घाम वाळणार कसा? वीस-तीस मिनिटांत शरीराच्या आतलं तापमान ३७ वरून ३८ अंशांच्या पुढे सरकतं. इथे महत्त्व आहे ते या आतल्या तापमानाला. कातडी लाल झाली, घामाने गाऊन भिजला, याने काही सिद्ध होत नाही.

आतलं तापमान वाढलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात, नाडी वाढते, हृदय मिनिटाला जास्त रक्त ढकलतं. रक्त जोरात वाहताना वाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर घर्षण होतं. त्या घर्षणाने अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि वाहिन्या सैलावतात. झपझप चालताना रक्तवाहिन्यांना मिळतो तो फायदा बऱ्याच अंशी हाच. इथपर्यंत उष्णता व्यायामाची नक्कल चांगलीच वठवते.

दुसरी गोष्ट पेशींच्या आत घडते. १९६२ मध्ये फेरुचिओ रितोस्सा हा इटालियन शास्त्रज्ञ फळमाश्यांच्या पेशी तपासत होता. पेशी ठेवलेल्या पेटीचं तापमान चुकून वाढवलं गेलं आणि त्याला गुणसूत्रांवर नेहमी न दिसणाऱ्या जागी फुगवटे दिसले. उष्णतेने काही ठरावीक जनुकं जागी होतात हे त्यातून कळलं. ती जनुकं जी प्रथिनं बनवतात त्यांना हीट शॉक प्रोटीन म्हणतात. माश्यांपासून माणसापर्यंत सगळ्यांत ती सापडतात. प्रत्येक प्रथिनाची एक ठरलेली घडी असते. ताण पडला, वय झालं, साखर वाढली की या घड्या विस्कटतात. ट्रंकेत कोंबलेल्या पैठण्या काढून, झटकून, जुन्याच मोडीवर पुन्हा घडी घालणारी एखादी आजी असते ना, तसं काम ही प्रथिनं करतात.

साखरेशी त्यांचा संबंध असा. पोटातल्या चरबीमुळे शरीरात मंद सूज धुमसत राहते. या सुजेतून पेशींमध्ये काही रसायनं जागी होतात, त्यांतलं जेएनके हे एक, आणि ती इन्सुलिनचा निरोप पेशीच्या दारातच अडवतात. हीट शॉक प्रोटीनमधलं एचएसपी-७२ या जेएनकेला आवरतं. टाइप २ मधुमेह असलेल्यांच्या स्नायूंत एचएसपी-७२ कमी असल्याचं आढळलं आहे. आणि इस्ट्रोजेनही पेशींना ही प्रथिनं बनवायला मदत करतं. म्हणजे पाळी गेल्यावर बाईच्या वाट्याची ही मदत आपोआप कमी होते आणि बाहेरून दिलेली ऊब ती थोडीफार भरून काढेल, असा हा सगळा तर्क आहे. तर्क सुबक आहे. पण औषधशास्त्रात सुबक तर्क ढिगाने सापडतात, त्यामुळे प्रत्यक्ष माणसांवर काय झालं ते बघायला हवं.

माणसांवर काय दिसलं

सगळ्यात जास्त सांगितला जाणारा प्रयोग १९९९ चा आहे. कोलोरॅडोचे डॉ. फिलिप हूपर यांनी टाइप २ मधुमेहाच्या आठ रुग्णांना आठवड्यातले सहा दिवस, रोज अर्धा तास, खांद्यापर्यंत गरम पाण्याच्या टबात बसवलं, तीन आठवडे. उपाशीपोटीची शुगर सरासरी १८२ वरून १५९ वर आली. वजनही उतरलं. एका रुग्णाचा इन्सुलिनचा डोस दहा दिवसांत १८ टक्क्यांनी कमी करावा लागला, नाहीतर शुगर फारच खाली गेली असती. हे सगळं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका पत्राच्या रूपात छापून आलं.

पण फक्त आठ माणसं. तुलनेला दुसरा गटच नाही. डॉक्टरकडे रोज जाणारा माणूस त्या तीन आठवड्यांत जिलबीला हात लावतो का? त्यात एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, तीही ११.३ वरून १०.३ वर आल्याचं सांगितलं होतं. तीन आठवड्यांत इतका खाली आलेला आकडा एकट्या टबाच्या नावावर जमा करायला मन धजत नाही.

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात २०१७ च्या सुमारास स्टीव्ह फॉकनर यांच्या गटाने जास्त नीटस तुलना केली. काही पुरुषांना एकदा तासभर सायकल चालवायला लावलं आणि एकदा तासभर ४० अंशाच्या टबात बसवलं. दोन्ही वेळा अंगाचं आतलं तापमान साधारण एक अंशाने वाढेल असं बघितलं. टबात सुमारे १४० कॅलरी खर्च झाल्या, म्हणजे अर्ध्या तासाच्या चालण्याएवढ्या. सायकलवर त्याच्या कितीतरी पट. गंमत पुढेच आहे. नंतर जेवल्यावर शुगर जिथपर्यंत चढते ते शिखर टबानंतर सायकलपेक्षा १० टक्क्यांच्या आसपास खाली होतं. ऑरेगॉन विद्यापीठात पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा बीजकोशांचा विकार, असलेल्या स्थूल तरुणींना आठ ते दहा आठवड्यांत तासतासभराच्या ३० बैठका दिल्या, पाणी ४०.५ अंश. त्यांची उपाशीपोटीची शुगर उतरली, बीपीही सुधारलं. इन्सुलिनला दाद न देणारं शरीर आणि बाईचं शरीर, या दोन्ही बाबतींत मला हा प्रयोग आपल्या विषयाला सगळ्यात जवळचा वाटतो. तरी त्या तरुणी होत्या.

फिनलंडच्या सौनाचा, म्हणजे कडक तापवलेल्या खोलीत बसण्याचाही दाखला नेहमी दिला जातो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुओपिओच्या अभ्यासात २,३१५ मध्यमवयीन पुरुष होते. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत, एकदाच घेणाऱ्यांच्या तुलनेत, हृदय अचानक बंद पडून मरण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांनी कमी दिसलं. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण ज्याची तब्येत ठणठणीत असते तोच आठवड्यातून पाच दिवस ८० अंशाच्या खोलीत जाऊन बसतो. नंतर २०१८ च्या अभ्यासात बायकाही घेतल्या आणि कल तसाच दिसला, पण तोही निरीक्षणाचाच अभ्यास होता. वर सांगितलेल्यांत पाळी गेलेली, शुगर काठावर असलेली, गुडघे दुखणारी बाई नेमकी कुठेच नाही.

जे उष्णतेला जमत नाही

आता मुद्द्यावर येते. व्यायामात दोन वेगळी कामं होतात. एक, रक्ताभिसरण वाढून आतलं तापमान चढतं. दुसरं, स्नायू भाराविरुद्ध आकुंचन पावतात आणि हाडांवर ओढ पडते. टब यांतलं पहिलं काम करतो. दुसरं अजिबात नाही. आणि पाळी गेल्यानंतर जास्त गरज नेमकी दुसऱ्याचीच असते.

पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं झपाट्याने विरळ होतात. बाथरूममध्ये पाय घसरून मनगट किंवा खुबा मोडणं हे त्यानंतर येतं. हाड टिकतं ते त्याच्यावर वजन पडल्याने, आणि पाण्यात बसल्यावर तर उलट वजन काढून घेतलं जातं. स्नायूंचंही तसंच. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, त्यासाठी त्याच्याकडे वेगळी वाट असते. मांड्यांमधला स्नायू जितका जास्त, तितकी साखर ठेवायला जागा जास्त. तासभर गरम पाण्यात बसून मांडीचा स्नायू वाढत नाही. म्हणून ‘व्यायामाला पर्याय’ हे शब्द मला पटत नाहीत. चालता येत नसेल तेव्हाचा जोड म्हणा, मग माझी हरकत नाही.

आपल्या घरात टब कुठला?

या सगळ्या प्रयोगांत एक वस्तू गृहीत धरलेली असते, ती म्हणजे बाथटब. मुंबईतल्या वन बीएचकेच्या बाथरूममध्ये बादली, स्टूल आणि वॉशिंग मशीन ठेवल्यावर माणूस जेमतेम वळतो. तरी हिशेब करून बघू. टबाला १५० लिटर पाणी धरा. पाणीपुरवठ्याचा महापालिकेचा निकष आहे माणशी दिवसाला १३५ लिटर. म्हणजे एक बैठक घेतली की घरातल्या एका माणसाचं दिवसभराचं पाणी संपलं, वर पंधरा लिटर उसने. ते २७ अंशांवरून ४० वर न्यायला साधारण सव्वादोन युनिट वीज लागते, हे फार नाही. पण १५ लिटरचा गिझर पूर्ण तापला तरी त्यातून ४० अंशाचं पाणी मिळतं ४५ लिटरच्या आसपास. तो तीन-चार वेळा तापवावा लागेल आणि तोवर टबातलं पहिलं पाणी निवलेलं असेल. बादलीने डोक्यावरून कढत पाणी घेतल्याने हे होत नाही, कारण ते पाणी अंगावरून वाहून जातं. बरं वाटतं, अंग मोकळं होतं, आतलं तापमान मात्र जागचं हलत नाही.

स्वयंपाकघरात मे महिन्यात तीस पोळ्या लाटताना गळणारा घाम ही हीट थेरपी का नाही, असा प्रश्न हमखास येतो. रास्त प्रश्न आहे. गॅसपुढे कातडी तापते, घाम येतो, पण मधूनमधून आपण खिडकीशी जातो, पंख्याखाली उभ्या राहतो, आणि आतलं तापमान शरीर सांभाळून घेतं. उपचारात ते ठरवून, ठरावीक वेळ, नजरेखाली वाढवलेलं असतं आणि मग शरीराला थंड व्हायला मोकळीक मिळते. मुंबईच्या उन्हाळ्यात तीच मोकळीक मिळत नाही. रात्रीही तापमान उतरत नाही, हवा दमट, झोप अर्धवट, आणि अर्धवट झोपेने शुगर चढते हे पक्कं माहीत आहे. दमट हवेत घाम वाळत नाही म्हणून आतली उष्णता साचते. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावली, तेव्हा आजूबाजूचं तापमान विदर्भासारखं मुळीच नव्हतं.

जिममधल्या स्टीम रूमचं गणित हेच. हवा वाफेने पूर्ण भरलेली, घाम वाळायला वावच नाही, त्यामुळे तिथे आतलं तापमान कोरड्या सौनापेक्षा लवकर चढतं. पहिल्यांदा जाताना पाच-सात मिनिटं पुरे, आणि एकटीने नको. आणि बाहेर आल्यावर काट्यावर उभं राहून ‘अर्धा किलो गेलं’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला खुशाल सांगा की ते पाणी आहे, लिंबू-सरबत प्यायलीस की परत येईल. घाम आणणारे पट्टे आणि प्लॅस्टिकचे सूट विकणाऱ्यांचा धंदा या एका गैरसमजावर चालतो.

निसर्गाने बांधून दिलेले टब मुंबईपासून लांब नाहीत. तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथे गरम पाण्याची कुंडं आहेत. गणेशपुरीच्या एखाद्या कुंडात पाय टाकला की पहिल्यांदा तो आपोआप मागे येतो. मग घोटा, मग पोटरी, असं करत बायका साडी सावरून कडेच्या पायरीवर बसतात आणि पाच मिनिटांत कपाळावर घामाचे थेंब दिसायला लागतात. गंधकाने कातडीचे रोग जातात म्हणून लोक पिढ्यान्पिढ्या तिथे येत आहेत. शुगरसाठी वर्षातून एकदा जाऊन काही होणार नाही. गुडघ्यांना बरं वाटेल, सहल होईल. पाण्याचं तापमान कुंडागणिक वेगळं असतं, तेव्हा पाय टाकण्याआधी हाताने बघा.

पायांचा शेक हा त्यातल्या त्यात घरी जमणारा प्रकार. वयस्कर माणसांचे गुडघ्यापर्यंतचे पाय ४५ मिनिटं ४२ अंशाच्या पाण्यात ठेवून केलेल्या प्रयोगात पायांतल्या रक्तवाहिन्या आधीपेक्षा चांगल्या प्रसरण पावल्या. शुगरवर याचा परिणाम फारसा तपासलेला नाही, आणि आतलं तापमान एवढ्याने थोडंच वाढतं. करायचं झालं तर ४० अंश पुरे. उंच बादली, पाठ टेकायला खुर्ची, पाण्यात बुडवायचा थर्मामीटर, शेजारी गार पाण्याचा तांब्या. शेक झाल्यावर पाय पुसून तिथेच पाच मिनिटं बसून राहा. उघडलेल्या रक्तवाहिन्यांमुळे बीपी उतरलेलं असतं आणि झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. ओल्या लादीवर अंधारी येणं म्हणजे खुब्याला आमंत्रणच.

कुणी करू नये

मधुमेहाने पायांची संवेदना गेली असेल त्यांनी पायांचा शेक घेऊच नये. हे मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. पाणी किती गरम आहे ते पायाला कळत नाही, फोड येतो, तो चिघळतो, आणि प्रकरण बोट कापण्यापर्यंत जातं. तळव्यांना मुंग्या येत असतील, चप्पल पायातून निसटलेली कळत नसेल, तर आधी डॉक्टरकडून पाय तपासून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांना दुसरा धोका. कातडी गरम झाली की टोचलेलं इन्सुलिन रक्तात लवकर शोषलं जातं आणि शुगर एकदम खाली येऊ शकते. बीपीच्या गोळ्या, विशेषतः लघवी जास्त करवणाऱ्या, आणि शुगरच्या ज्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात त्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन वगैरे, यांनी अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, हृदयाची झडप अरुंद असेल, चक्कर येण्याची सवय असेल, तर हा विषय बाजूला ठेवा.

आणि गॅस गिझर. बंद बाथरूममध्ये तो लावून अर्धा तास बसायची कल्पनासुद्धा करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. असे मृत्यू दर हिवाळ्यात पेपरात येतात.

अंगातून वाफा येण्याचा त्रास ज्यांना होतो त्या विचारतात, गरम पाण्याने तो वाढेल का? मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्राची सहनशक्ती मेनोपॉजमध्ये कमी होते. आतलं तापमान जरासं वाढलं तरी ते घाबरून अंग थंड करण्याचा आदेश देतं. त्यामुळे शेकानंतर लगेच वाफा येण्याची शक्यता काही जणींत आहे. दोन-तीनदा करून बघा, त्रास होत असेल तर सोडून द्या. लिव्हरपूलमधल्या २०१६ च्या अभ्यासात १६ आठवड्यांच्या नियमित व्यायामाने वाफा कमी झालेल्या दिसल्या. म्हणजे त्यातही व्यायामच पुढे आहे.

गुडघे दुखणाऱ्या बाईने मग करायचं काय? मी तिला खुर्चीपासून सुरुवात करायला सांगेन. हात नसलेली, जरा उंच खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. त्यावरून हात न टेकता उठायचं आणि तितकंच सावकाश बसायचं. बसताना धपकन अंग टाकायचं नाही, खरी मेहनत त्या खाली येण्यात आहे. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, पाच वेळा जमलं तरी चालेल, मग उशी काढा. याने मांडीचा पुढचा स्नायू तयार होतो, आणि गुडघ्यावरचा भार उचलायचा असतो तोही त्यानेच. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांनी केलं तर जेवणाची साखर उचलायलाही मदत होते. जवळपास महापालिकेचा तरणतलाव असेल, शिवाजी पार्कजवळ आहे तसा, तर पोहता आलं नाही तरी छातीएवढ्या पाण्यात नुसतं चालायचं. तेवढ्या पाण्यात पायांवर पडणारं वजन एक तृतीयांशाच्या आसपास उरतं, आणि पाण्याच्या विरोधामुळे स्नायूंना काम मात्र पुरेपूर मिळतं. फिजिओथेरपिस्टची दोन-तीन सत्रं घेऊन हे नीट शिकून घ्या. पायांचा शेक त्याच्या आधी घेतला तर अकडलेले सांधे जरा सैल होतात आणि खुर्चीवरून उठणं सोपं जातं.